नागपूरचे सांडपाणी व आमची वैनगंगा



गेल्या चैत्रात, वार्षिक परीक्षेचे दिवस जवळ आले असता, आम्ही नववीच्या काही मुलांस बरोबर घेऊन पहाटेच कारध्याच्या पुलापाशी वैनगंगेच्या काठी गेलो होतो. पाण्याचे उष्णमान पाहावे, चार बाटल्या भरून आणाव्यात व प्रयोगशाळेत त्यांवर एक साधा प्रयोग करून दाखवावा, एवढाच आमचा हेतू होता. तेथे आमच्याच एका विद्यार्थ्याचे वडील डोंग्यातून जाळे काढीत होते. ते ढिवर समाजाचे. त्यांच्या कैक पिढ्या ह्याच नदीवर गेल्या. मुलांनी त्यांस “काका, आज काय मिळाले?” म्हणून विचारले, तेव्हा ते आम्हांकडे वळून म्हणाले, “गुरुजी, मरळ भेटते, मागूर भेटते. पण उन्हाळा लागला का रोहू-कतला सकाळच्या पारी पाण्यावर तोंड काढून हापतात. असं दोन-चार दिवस दिसलं का समजाचं, आता मेलेले मासे काठाला लागतात.”

ज्या गोष्टीसाठी आम्ही तापमापक व बाटल्या घेऊन गेलो होतो, ती ह्या गृहस्थांनी नुसत्या डोळ्यांनी मोजली होती. त्यांच्या त्या तीन-चार वाक्यांचा उलगडा करावा, हाच ह्या लेखाचा उद्देश होय.

मासा पाण्यात राहतो म्हणून त्यास प्राणवायु लागत नाही, असे नाही. तो कल्ल्यांच्या योगाने पाण्यात विरघळलेला प्राणवायु घेतो. परंतु पाणी ह्या बाबतीत मोठे दरिद्री आहे. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायु असतो. तर २५ ते ३० अंश उष्णतेच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात तो फार झाले तर साडेसात ते सव्वाआठ मिलिग्रॅम राहतो. पाणी जसजसे तापते, तसतसा तो आणखी कमी होतो. हे प्रमाण चार-पाच मिलिग्रॅमच्या खाली उतरले की बहुतेक मासे कासावीस होतात. दिवसा पाण्यातील शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायु सोडते, रात्री मात्र तेच शेवाळ तो घेते. म्हणून सर्वांत मोठी टंचाई असते ती पहाटे. रोहू व कतला ह्यांना केवळ कल्ल्यांचा आधार. मरळ व मागूर ह्यांना वरची हवा घेण्याचे निराळे इंद्रिय असते, त्यामुळे ते घाणेरड्या डबक्यातही तग धरतात. कोणता मासा जाळ्यात येतो व कोणता पाण्यावर तोंड काढतो, एवढ्यावरून नदीची प्रकृती ओळखणारे आमचे काका शास्त्राच्या किती जवळ होते, हे आता ध्यानात येईल.

मग हा प्राणवायु जातो कोठे? पुष्कळांची अशी समजूत असते की सांडपाण्यात काही विष असते व त्याने मासे मरतात. कारखान्यांच्या पाण्यात विष असू शकते, ही गोष्ट खरी. पण घरगुती सांडपाण्याचा मुख्य दोष निराळा आहे. भाताची पेज, भांड्यांचे खरकटे, मलमूत्र ह्यांत विष नाही; उलट तो सूक्ष्म जंतूंचा उत्तम आहार आहे. हे जंतु नदीत सर्वत्र असतात. आहार मिळाला की त्यांची संख्या झपाट्याने वाढते, आणि तो पचविताना ते पाण्यातील प्राणवायु खर्च करितात. म्हणजे मासा विषाने मरत नाही. जंतूंच्या पंगतीने सर्व हवा संपविल्यामुळे तो गुदमरून मरतो. एक लिटर पाण्यातील घाण पचविण्यास जंतूंना किती प्राणवायु लागेल, ह्या मापास जैविक प्राणवायु-मागणी म्हणतात. आम्ही येथे तिला नुसती ‘मागणी’ म्हणू. गावाच्या कच्च्या सांडपाण्याची मागणी दर लिटरास साधारणतः २०० ते ३०० मिलिग्रॅम भरते.

हे माप काढण्याची रीत इंग्लंडात ठरली. बाटली बंद करून २० अंशांवर ५ दिवस ठेवावयाची आणि किती प्राणवायु खर्ची पडला ते पाहावयाचे. पाचच दिवस का? तर त्या बेटावरील कोणत्याही नदीस समुद्रास पोचण्यास त्याहून अधिक काळ लागत नाही म्हणून, असे सांगतात. आमच्या वैनगंगेने वर्धेस मिळून प्राणहिता व्हावे, प्राणहितेने सिरोंच्यापाशी गोदावरीस मिळावे व मग बंगालचा उपसागर गाठावा, हे पाच दिवसांत उरकणारे काम नव्हे! आपल्या देशात आता हीच परीक्षा २७ अंशांवर ३ दिवस ठेवून करण्याची पद्धत आहे. उष्ण हवेत जंतु अधिक चपळ असतात, हेच त्याचे कारण.

आता भूगोलाकडे वळू. नागपूरच्या पश्चिमेकडील टेकड्यांतून निघालेली नाग नदी शहराच्या मध्यातून वाहते. शहरास नाव मिळाले तेही तिच्यावरूनच. पूर्वेस तिला पिवळी नदी मिळते व पुढे ते पाणी कन्हानेत जाते. कन्हान आंभोऱ्याजवळ, जेथे पाच नद्यांचा संगम मानितात तेथे, वैनगंगेस मिळते. ह्यातील एक गोष्ट मुलांस फार चमत्कारिक वाटली. नागपूर पाणी पिते ते मुख्यत्वे पेंच व कन्हान ह्यांचे, आणि पेंच ही कन्हानेचीच उपनदी. तेव्हा एका हाताने ज्या नदीकडून पाणी उसने घ्यावयाचे, तिलाच ते दुसऱ्या हाताने परत करावयाचे, असा हा व्यवहार आहे. उसने घेतलेले भांडे घासूनपुसून परत करावे, ही रीत आपल्या घरोघरी मुलीबाळींनाही ठाऊक असते.

येथे कोणी चौकस विद्यार्थी विचारील की, कन्हानेचा संगम तर भंडाऱ्याच्या खालच्या अंगास आहे. मग खालचे पाणी वर कसे येईल? प्रश्न योग्य आहे, व पूर्वी त्याचे उत्तर ‘येणार नाही’ असेच होते. परंतु पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे ज्या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली, त्याचा फुगवटा आता भंडारा शहरापर्यंत पोचतो. वाहत्या दोन नद्यांच्या जागी एकच पसरट जलाशय झाला. कन्हानेने आणलेले व वैनगंगेने आणलेले पाणी ह्याच एका साठ्यात थांबते. वाहते पाणी खडकांवर आपटते, फेसाळते व हवेतून प्राणवायु ओढून घेते. थांबलेल्या पाण्यास ती सोय नाही. शिवाय सांडपाण्यातील नत्र व स्फुरद ही खतेच होत. त्यांवर जलपर्णी माजते, तिचा गालिचा पाण्यावर पसरला की हवा व प्रकाश दोन्ही अडतात. धरणाने शेतीस पाणी दिले हे नाकारता येत नाही. पण वरच्या शहरांनी पाणी स्वच्छ करून सोडण्याची गरज धरणाने अनेक पटींनी वाढविली, हेही तितकेच खरे.

गरज केवढी, हे हिशेबाने पाहू. ही त्रैराशिकाची उदाहरणे मुलांनी फळ्यावर स्वतः सोडविली आहेत. नागपूर शहराचे सांडपाणी दररोज ५० कोटी लिटरांहून अधिक असते. आपण ५० कोटीच धरू, व दर लिटरास मागणी २५० मिलिग्रॅम. गुणाकार केला तर रोजची मागणी १,२५,००० किलो, म्हणजे १२५ टन प्राणवायु होते. लिटरास साडेसात मिलिग्रॅम प्राणवायु असलेले स्वच्छ नदीचे पाणी ही भूक भागविण्यास किती लागेल? दर सेकंदास सुमारे १ लक्ष ९३ हजार लिटर, आणि तेही शेवटच्या कणापर्यंत पिळून घेतले तर. पावसाळ्यातील पुराची गोष्ट सोडून द्या. वैशाखात जिच्या वाळूवर मुले खेळतात, त्या कन्हानेजवळ एवढे पाणी कोठून येणार?

येथे शुद्धीकरण केंद्राचे काम सुरू होते. ते काही जादूचे घर नाही. नदी जे काम अनेक दिवसांत व अनेक कोसांत करिते, तेच काम हौदात कोंडून काही तासांत उरकावयाचे, व त्यासाठी लागणारा प्राणवायु नदीकडून न घेता यंत्राने हवेतून पुरवावयाचा, एवढेच त्यातील मर्म आहे.

ही युक्ती सापडली ती बाटल्यांतच. इंग्लंडातील मँचेस्टर शहराचे सांडपाणी जेथे जाई, त्या डेव्हीहुल्म येथे एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट हे दोन रसायनज्ञ होते. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर ह्यांनी १९१२ साली अमेरिकेत सांडपाण्यात हवा फुंकण्याचे काही प्रयोग पाहिले व परत येऊन ते ह्या दोघांस सांगितले. दोघांनी बाटल्यांत सांडपाणी घेऊन त्यात सतत हवा सोडली. पहिल्या खेपेस पाणी पुरते शुद्ध होण्यास पाच आठवड्यांच्या आसपास लागले. इतका वेळ कोणत्या शहरास परवडणार? पण येथेच त्यांनी एक गोष्ट निराळी केली. वरचे निवळ पाणी ओतून टाकल्यावर तळाशी उरलेला तपकिरी गाळ त्यांनी फेकला नाही. त्यावरच नवे सांडपाणी ओतले व पुन्हा हवा सोडली. दुसऱ्या खेपेस वेळ कमी लागला, तिसऱ्या खेपेस त्याहून कमी, आणि अखेर आठवड्यांचे काम तासांवर आले. तो गाळ म्हणजे घाण नव्हे, तर त्या पाण्यावर पोसलेल्या जंतूंचे तयार सैन्यच होते. आपल्या आया दह्याचे विरजण राखून ठेवितात, तोच हा न्याय. ३ एप्रिल १९१४ रोजी त्यांनी हा शोध मँचेस्टर येथे विद्वानांपुढे मांडला. फाउलर पुढे १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापक म्हणून आले. तेव्हा ह्या विद्येचा एक धागा फार लवकर आपल्या देशास जोडला गेला. नागपूरला तर ह्या विषयाचे माहेरघरच म्हटले पाहिजे, कारण पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था, जी आज ‘नीरी’ ह्या नावाने ओळखिली जाते, ती १९५८ सालापासून तेथेच आहे.

आजच्या केंद्रातही मूळ क्रम तोच. प्रथम लोखंडी जाळ्यांत चिंध्या, काटक्या व (हे लिहिताना संकोच वाटतो) प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे ढीग अडतात. मग एका हौदात रेती बसते. त्यानंतर मोठ्या गोल हौदात पाणी दोन-तीन तास जवळजवळ स्थिर ठेवितात, म्हणजे जड घाण तळाशी जाते. पुढचा हौद हाच केंद्राचा प्राण. त्याच्या तळाशी नळ्यांतून बारीक बुडबुड्यांच्या रूपाने हवा सोडतात, सर्व हौद उकळत असल्यासारखा दिसतो, आणि त्यात राखून ठेविलेला जंतूंचा गाळ मिसळलेला असतो. सहा ते आठ तासांत जंतु विरघळलेली घाण खाऊन आपले शरीर वाढवितात. आता युक्तीचा दुसरा भाग: जी घाण पाण्यात विरघळलेली होती व म्हणून गाळता येत नव्हती, ती जंतूंच्या देहात शिरल्यामुळे त्यांचे जड गुच्छ बनतात, व ते पुढच्या हौदात आपोआप खाली बसतात. वर निवळ पाणी राहते. खालच्या गाळाचा काही भाग परत हवेच्या हौदात जातो. उरलेला बंद टाकीत कुजवितात. त्यातून जळाऊ वायु निघतो व मागे शेतीस उपयोगी असे खत उरते. निवळ पाण्यातही रोगजंतु पुष्कळ उरतात. पटकी, विषमज्वर, कावीळ ह्यांचे भय त्यामुळे संपत नाही. म्हणून ते सोडण्यापूर्वी त्यास क्लोरीन देतात अथवा दुसऱ्या रीतीने निर्जंतुक करितात. तरीही हे पाणी पिण्याचे नव्हे, हे पालकांनी मुलांस बजावून सांगावे.

नागपुरास भांडेवाडी येथे अशी दोन मोठी केंद्रे आहेत. एकाची शक्ती रोज १३ कोटी लिटरांची व दुसऱ्याची २० कोटी लिटरांची. पहिल्यातील शुद्ध झालेले पाणी कोराडीकडील विजेच्या कारखान्यास देण्याची योजना झाली. तेणेकरून तितके पेंचेचे गोडे पाणी वाचते, व नदीत जाणारे सांडपाणीही तितकेच कमी होते. एकाच कामात दोन नद्यांचा लाभ साधणारी अशी उदाहरणे आपल्या देशात विरळा आहेत.

मग काकांचे रोहू पाण्यावर तोंड का काढतात? आम्ही मुलांस पुन्हा फळ्यापाशी पाठविले. ५० कोटींपैकी ३३ कोटी लिटर केंद्रात पूर्ण शुद्ध झाले व त्याची मागणी लिटरास १० मिलिग्रॅमवर आली, असे उत्तम कल्पू. त्याचे रोजचे ओझे झाले ३.३ टन. राहिलेले १७ कोटी लिटर तसेच गेले, तर त्याचे ओझे साडेबेचाळीस टन! बेरीज पावणेशेहेचाळीस टनांच्या थोडी वर जाते; आणि त्यातील जवळजवळ सर्व भार त्या न शुद्ध केलेल्या तिसऱ्या हिश्श्याचा आहे. केंद्रातील पाणी आणखी स्वच्छ करून ह्या बेरजेत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो जे नाले केंद्रापर्यंत पोचतच नाहीत, ते तेथवर नेल्याने. मुलांस हे उत्तर प्रथम चुकलेले वाटले व त्यांनी ते दोनदा पडताळून पाहिले. शुद्धीकरण केंद्राच्या उद्घाटनाची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. जमिनीखालच्या नळांची कोणी घेत नाही, आणि नदीचे भवितव्य तर बहुतांशी त्या नळांवर अवलंबून. नाग नदीसाठी सुमारे दोन हजार कोटी रुपयांची जी योजना जपानच्या कर्जसाहाय्याने आखिली गेली आहे, तिच्यात नवी केंद्रे व मलवाहिन्या ही दोन्ही कामे आहेत. आमच्या मते दुसरे पहिल्याहून अधिक मोलाचे. १९७४ साली देशात जलप्रदूषणाविरुद्ध कायदा झाला. पण कायद्याने नळ घातला जात नाही.

हे लिहीत असता एका बोलक्या मुलीने वर्गात विचारलेला प्रश्न आठवतो. ती म्हणाली, “सर, आपण नागपूरकरांस नावे ठेवितो, पण आपल्या मोरीचे पाणी कोठे जाते?” भंडाऱ्याचा उतार वैनगंगेकडे आहे, आणि आपल्या खाली पवनी आहे. पवनीकरांच्या दृष्टीने आपणच नागपूर. वर्ग काही वेळ गप्प होता, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही.

आता बाटल्यांची हकीकत. आर्डर्न व लॉकेट ह्यांचा प्रयोग आम्ही लहान प्रमाणावर करून पाहिला. एका मुलाच्या घरच्या काचेच्या मत्स्यपेटीत मुलांनी आणलेले मोरीचे पाणी भरले, त्यात नाल्याच्या काठचा थोडा गाळ घातला व मत्स्यपेटीच्याच लहान पंपाने हवा सोडली. दर दोन दिवसांनी वरचे पाणी काढून नवे घालीत गेलो. सहाव्या दिवशी रात्री वीज गेली व पंप पहाटेपर्यंत बंद राहिला. सकाळी प्रयोगशाळेचे दार उघडवेना, इतकी दुर्गंधी सुटली होती. तेवढ्या काही तासांत जंतूंनी हवा संपविली व सर्व काम उलटले. शहराच्या केंद्रात विजेचा खंड पडला तर काय होत असेल, हे आम्हांस कोणत्याही पुस्तकाहून त्या पेटीने अधिक स्पष्ट शिकविले. ते पाणी ओतून पुन्हा आरंभ केला, आणि दुसऱ्या खेपेस तीन आठवड्यांत गाळ चांगला तपकिरी व भुसभुशीत झाला; त्यास पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येऊ लागला.

मग तीन बाटल्या काठोकाठ भरून प्रत्येकीत मेथिलीन ब्ल्यू ह्या निळ्या रंगाचे थेंब घातले व बुचे घट्ट बसवून त्या कपाटात ठेविल्या. प्राणवायु संपला व पाणी सडू लागले की हा रंग नाहीसा होतो. कच्च्या मोरीच्या पाण्याची बाटली दुसऱ्या दिवशीच पांढरी पडली. कारध्याहून नव्याने आणलेल्या नदीच्या पाण्याची पाचव्या दिवशी फिकी झाली. पेटीत शुद्ध केलेले पाणी आठव्या दिवशीही निळे होते. आमच्या हातचे मोरीचे पाणी नदीच्या पाण्याहून अधिक टिकले, हे पाहून मुले हसली. त्या हसण्यात आम्हांस सामील होता आले नाही.

ढिवराच्या त्या मुलाने पेटीतील पाण्याची एक बिनरंगाची बाटली मागून घेतली व घरी नेली. दुसऱ्या दिवशी तो वडिलांचा निरोप घेऊन आला: पाण्याला वास नाही हे ठीक, पण ह्यात मासा जगेल का? प्रश्न इतका सरळ होता की उत्तर प्रयोगानेच देणे भाग होते. त्या पाण्यात दोन गप्पी मासे सोडले. हा मजकूर छापखान्याकडे जाईपर्यंत ते धडधाकट आहेत. तथापि गप्पी फार काटक, त्याच्यावरून रोहूची खात्री देता येत नाही. रोहूची बोटुकली पावसाळ्यात मिळतात. काकांनी दोन आणून देण्याचे कबूल केले आहे, आणि तोवर पंप चालू ठेवण्याची पाळी मुलांनी आपसांत वाटून घेतली आहे.